एकाच पोत्यातले दोन आकडे: कृषी पदवीनंतरच्या निवडीचं एक प्रकरण

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या वहीत सात नावं होती. वनस्पती रोगशास्त्र, वनस्पती पैदासशास्त्र, कृषिविद्या, काढणीपश्चात अभियांत्रिकी, अन्नतंत्रज्ञान, अन्नसुरक्षा (म्हणजे अन्न खायला निर्धोक आहे का, हे पाहणं) आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीनं लिहिलेलं, कृषी अर्थशास्त्र. प्रत्येक नावापुढे तिनं दोन रकाने आखले होते, 'नोकरी' आणि 'परदेश', आणि त्यात एक ते पाच चांदण्या काढल्या होत्या. चार वर्षांची कृषी पदवी संपायला एक सत्र उरलं होतं. गुण चांगले होते, पण सगळ्याच विषयांत सारखे चांगले. त्यामुळे गुणपत्रिका समोर ठेवूनही काही उलगडत नव्हतं.

"मॅडम, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?"

दरवर्षी हा प्रश्न घेऊन मुलं येतात. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की, मी तिला दिलेला पहिला सल्ला चुकीचा होता, आणि तो का चुकला हे समजून घेताना ही सातही नावं मला वेगळ्या रीतीनं दिसायला लागली.

पहिला सल्ला

पदवीच्या शेवटच्या वर्षात तिनं भुईमुगातल्या अफ्लाटॉक्सिनवर प्रकल्प केला होता. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष. बुरशी म्हणजे वनस्पती रोगशास्त्र. मी सरळ हिशेब केला आणि तिला सांगितलं, रोगशास्त्राला अर्ज कर, प्रकल्पाचा अनुभव आहेच, प्रवेश मिळायला अडचण येणार नाही.

आठ दिवसांनी ती परत आली. अर्ज भरलाच नव्हता. 'हा विषय का निवडला' या प्रश्नापाशी ती अडली होती. तिनं लिहिलेल्या चार ओळी मी वाचल्या. बुरशीजन्य रोगांमुळे पिकांचं किती नुकसान होतं, ते टाळणं किती गरजेचं आहे, असा मजकूर होता. चूक काहीच नव्हतं, पण त्या चार ओळी वर्गातल्या कुणीही लिहिल्या असत्या. तिलाही ते कळत होतं, म्हणूनच ती अडली होती.

तेव्हा मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. प्रकल्पाचं नाव बाजूला ठेव आणि त्या दिवसांत नेमकं काय काय झालं ते सांग, म्हटलं.

तिनं जे सांगितलं ते असं. साठवणुकीतल्या एका पोत्यातून तिनं मूठभर दाणे घेतले, दळले, महाविद्यालयात होतं त्या एलायझा किटवर, म्हणजे विषाचं प्रमाण मोजणाऱ्या तयार चाचणी-संचावर, तपासले. विष मर्यादेच्या आत आलं. पडताळणीसाठी त्याच पोत्यातून दुसरी मूठ घेतली. या वेळी आकडा मर्यादेच्या कितीतरी पट वर गेला. आपलंच काहीतरी चुकलं असं समजून तिनं किट बदललं, भांडी पुन्हा धुतली, दोन्ही पिठं परत तपासली. आकडे तेच राहिले. प्रकल्पाच्या मार्गदर्शकांनी सांगितलं की मोठा आकडा विसंगत आहे, तो वगळ आणि उरलेल्यांची सरासरी काढ. अहवालात सरासरी गेली. वगळलेला आकडा तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.

"तो आकडा खोटा नव्हता, मॅडम," ती म्हणाली. "पण मग पहिला आकडा कशाचा होता?"

सात नावांच्या यादीत हा प्रश्न कुठेच नव्हता. आमचं खरं बोलणं इथून सुरू झालं.

एका दाण्याचं गणित

या विषाची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण पुढची सगळी निवड त्यावर उभी आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी, बहुतेक पिल्लंच, अचानक दगावले. कारण सापडेना म्हणून रोगाला 'टर्की एक्स' असं नाव पडलं. शोध घेता घेता संशय खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीवर गेला आणि पेंडीतून तो अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपर्यंत पोचला. बुरशीच्या नावातली अक्षरं घेऊनच विषाचं नाव तयार झालं. त्याचे प्रकार अतिनील प्रकाशात कोणत्या रंगानं चमकतात त्यावरून ओळखले जातात. निळे ते बी, हिरवट ते जी. बी-१ सगळ्यात घातक, त्यानं यकृताचा कर्करोग होतो. पशुवैद्य, रसायनतज्ज्ञ आणि बुरशीतज्ज्ञ अशा तिघांचाही या शोधात हात होता. म्हणजे जन्मापासूनच हे विष कुठल्या एका विभागाचं नव्हतं. मी मात्र ते एका विभागाच्या पदरात घालून मोकळी झाले होते.

हे विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखाद्याच दाण्यात ते खच्चून भरलेलं असतं. भुईमुगाच्या एकेका दाण्यात अब्ज भागांत दहा लाख भाग इतकं विष सापडल्याची नोंद आहे. आम्ही फळ्यावर गणित मांडलं. दाणा अर्ध्या ग्रॅमचा धरला तर त्यात ५०० मायक्रोग्रॅम विष झालं. असा एकच दाणा २० किलो स्वच्छ दाण्यांत मिसळला, तरी किलोमागे २५ मायक्रोग्रॅम होतात. प्रक्रियेसाठी जाणाऱ्या भुईमुगाला कोडेक्सनं, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं, घालून दिलेली मर्यादा आहे किलोमागे १५. म्हणजे सुमारे चाळीस हजार दाण्यांतला एक दाणा अख्खा नमुना नापास करू शकतो. आता तिची मूठ घ्या. शंभर ग्रॅम, साधारण दोनशे दाणे. तो एक दाणा मुठीत आला तर आकडा हजारांत जातो, नाही आला तर शून्याजवळ राहतो. तिचे दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि पोत्याबद्दल दोन्हींपैकी एकही आकडा पुरेसं सांगत नाही.

म्हणूनच कोडेक्सच्या योजनेत अशा भुईमुगाचा नमुना मूठभर नसतो, २० किलोंचा असतो, आणि तोही ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून थोडाथोडा गोळा करायचा, सगळा दळायचा आणि मग त्यातलं पीठ तपासायचं. एवढं करूनही चुकीची सगळ्यात मोठी वाटणी यंत्राकडे जात नाही, नमुना घेण्याकडेच राहते. प्रयोगशाळेत महागडं यंत्र आणलं की अचूकता आली, असं मानणाऱ्यांना हे पचायला जड जातं. तिला मात्र ऐकताच पटलं. ते तिनं स्वतःच्या हातानं अनुभवलं होतं.

तोच प्रश्न, सहा विभाग

मग आम्ही तिची यादी पुन्हा उघडली. या वेळी 'कुठलं चांगलं' असं विचारलं नाही. भुईमुगाचं तेच पोतं प्रत्येक विभागाच्या दारात नेलं, तर तिथले लोक त्याचं काय करतील, हे पाहायचं ठरवलं. हा भाग जरा लांबणार आहे, पण मला यातच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

पैदासशास्त्राचा विभाग पोत्याकडे बघणारच नाही, तो बियाणं मागेल. बुरशीला दाद न देणारा वाण तयार करता येईल का, हा त्यांचा प्रश्न. गंमत अशी की ही प्रतिकारशक्ती एखाद्या जनुकावर अवलंबून नसते. ती अनेक जनुकांत विभागलेली असते आणि हवामान बदललं की तिचं वागणंही बदलतं. त्यामुळे दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासात कुणी नवा वाण काढत नाही. काही वाण दोन-तीन ठिकाणी लावून तपासणं, जनुकीय खुणा शोधणं, एवढंच हाती लागतं. वाण बाहेर पडेपर्यंत बरीच वर्षं लागतात आणि त्या साखळीतली एक कडी म्हणून आनंदानं काम करणारा माणूसच तिथे टिकतो.

कृषिविद्येचा विभाग विचारेल, पीक कसं वाढलं होतं? शेंगा भरण्याच्या शेवटच्या चार ते सहा आठवड्यांत पाण्याचा ताण पडला आणि जमीन तापली, तर भुईमुगात काढणीच्या आधीच विष तयार होतं. वाळवण आणि साठवण कितीही काटेकोर केली तरी ते विष परत जात नाही. इथला विद्यार्थी पाण्याच्या पाळ्या, पेरणीची तारीख, काढणीची वेळ यांवर काम करेल.

वनस्पती रोगशास्त्राकडे बुरशीची ओळख असते. त्यातला एक प्रयोग तिला फार आवडला. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसचे सगळेच प्रकार विष तयार करत नाहीत. विष न करणारे प्रकार निवडून पिकात आधीच सोडले, तर ते जागा अडवून बसतात आणि विषारी प्रकारांना शिरकाव मिळत नाही. अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेनं हे तंत्र विकसित केलं आणि नायजेरियातल्या इबादान इथल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेबरोबर ते आफ्रिकेतल्या मका आणि भुईमुगासाठी 'अफ्लासेफ' या नावानं तयार केलं. निर्जीव केलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर बुरशी चढवून ते दाणे शेतात फेकायचे. बुरशीवर बुरशीचाच उतारा. मी पहिल्यांदा सुचवलेला विभाग हाच होता, आणि तो वाईट मुळीच नव्हता.

काढणीपश्चात अभियांत्रिकीचा माणूस पोत्यात हात घालून ओलावा विचारेल. मक्यासाठी साधारण १३ टक्के ओलावा सुरक्षित मानतात, भुईमुगाच्या दाण्यांना मात्र ७-८ टक्क्यांपर्यंत उतरावं लागतं. हा फरक का, असं तिनं विचारलं. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं आणि पाणी तेलात राहत नाही, ते उरलेल्या भागातच गोळा होतं. त्यामुळे एकूण टक्केवारी कमी दिसली तरी बुरशीला वापरता येण्याजोगं पाणी तेवढंच असू शकतं. त्या वापरता येण्याजोग्या पाण्यालाच अन्नशास्त्रात वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात आणि बुरशी टक्केवारी जुमानत नाही, ती या पाण्यावर जगते. वाळवणी यंत्रं, हवाबंद पिशव्या, रंगावरून खराब दाणे वेचणारी यंत्रं हे या विभागाचं जग. इथली भाषा मात्र उष्णता आणि पाण्याच्या वहनाची, म्हणजे कलनगणिताची.

अन्नशास्त्र आणि अन्नतंत्रज्ञानात पोतं कारखान्यात येतं. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. अन्नशास्त्र म्हणजे अन्नातलं रसायन आणि सूक्ष्मजीव समजून घेणं, अन्नतंत्रज्ञान म्हणजे ते ज्ञान पदार्थ आणि प्रक्रियेत उतरवणं आणि अन्न अभियांत्रिकी म्हणजे ती प्रक्रिया चालवणारी यंत्रणा उभी करणं. नावं विद्यापीठागणिक बदलतात, म्हणून नावावर न जाता विषयांची यादी वाचावी. अफ्लाटॉक्सिन नेहमीच्या शिजवण्यानं नष्ट होत नाही. तेल काढलं तर बहुतेक विष पेंडीत उरतं आणि तेलात उतरलेलं शुद्धीकरणात निघून जातं. ती पेंड गाईनं खाल्ली तर त्याचंच एक रूप, एम-१, दुधात उतरतं. साठ साली पेंडीतच विष का सापडलं, याचं उत्तरही यात आहे.

अर्थशास्त्राच्या दारात प्रश्न आणखी वेगळा. विष डोळ्यांना दिसत नाही. स्वच्छ माल आणि विषारी माल बाजारात एकाच भावानं विकला जात असेल, तर वाळवणीचा खर्च शेतकऱ्यानं का करावा? तिनं पेन्सिलीनं लिहिलेलं नाव तिला अचानक महत्त्वाचं वाटायला लागलं. सार्वजनिक आरोग्य तर तिच्या यादीतच नव्हतं. २००४ साली केनियात ओलसर साठवलेला घरचा मका खाऊन ३१७ जण आजारी पडले आणि १२५ मेले. ते मोजणारे, रक्तातल्या खुणांवरून कुणी किती विष खाल्लं हे शोधणारे साथरोगतज्ज्ञ होते. कृषी पदवीधर त्या वाटेनंही जाऊ शकतात, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही.

चाचणी

विभाग समजले, पण समजणं आणि निवडणं यात अंतर असतं. पुढच्या तीन आठवड्यांसाठी मी तिला दोन कामं दिली.

पहिलं काम: प्रत्येक विभागातले दोन-दोन पदव्युत्तर प्रबंध काढायचे आणि त्यांतलं फक्त 'साहित्य आणि पद्धती' हे प्रकरण वाचायचं. सारांश वाचायचा नाही, निष्कर्षही वाचायचे नाहीत. सारांशात सगळेच विषय देखणे दिसतात. दोन वर्षं रोज सकाळी उठून काय करायचं आहे, ते पद्धतींच्या प्रकरणात लिहिलेलं असतं. दुसरं काम: त्या त्या विभागात सध्या शिकत असलेल्या एखाद्याला गाठून 'तुझा विषय काय' असं न विचारता 'मागच्या आठवड्यात तू काय केलंस' असं विचारायचं.

पैदासशास्त्राच्या मुलीनं तिला सांगितलं की आठवडाभर पहाटे उठून फुलांचं परागीकरण केलं, आता दाणे येईपर्यंत थांबायचं. हंगाम हुकला तर वर्ष गेलं. तिला शेत आवडायचं, पण एवढं थांबणं जमणार नाही, हे तिनं मोकळेपणानं कबूल केलं. अभियांत्रिकीच्या प्रबंधात समीकरणांची पानं होती. तिथे जायचं तर गणिताची मोठी दरी ओलांडावी लागणार होती आणि त्यासाठी लागणारी ओढ तिला जाणवली नाही. अन्नतंत्रज्ञानाच्या मुलानं नव्या बिस्किटासाठी चाखणाऱ्यांच्या तीन फेऱ्या घेतल्या होत्या. तिला मजा वाटली, पण तिचा प्रश्न तिथे नव्हता. रोगशास्त्रात तिला बुरशीच्या तबकड्या दिसल्या, सुंदर, पण तबकडीवर विष कुठे आहे हे आधीच ठाऊक असतं. तिची अडचण होती ती कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या विषाची.

अन्नसुरक्षेच्या एका प्रबंधात मात्र ती दोन दिवस गुंतून राहिली. त्यात एका ढिगातून किती नमुने घेतले तर चुकीनं पास आणि चुकीनं नापास होण्याची शक्यता किती, याचे आलेख होते. चांगला ढीग नापास झाला तर विकणाऱ्याचं नुकसान, वाईट ढीग पास झाला तर खाणाऱ्याचं. ही दोन्ही एकदम कमी करायची तर नमुना मोठा घ्यावा लागतो आणि मग खर्च वाढतो. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या बोलण्यात पहिल्यांदा 'मी' आला होता. "मला हे करायचंय," ती म्हणाली. विषयाचं नाव तिला अजून सांगता येत नव्हतं, आणि मला त्याची मुळीच काळजी वाटली नाही.

अर्जातलं 'हा विषय का निवडला' याचं उत्तर तिनं नव्यानं लिहिलं. पहिल्याच परिच्छेदात वगळलेल्या आकड्याची गोष्ट होती.

तीन प्रस्ताव

इथपासून व्यवहार सुरू होतो. जगभरात पदव्युत्तर शिक्षणाचे ढोबळ तीन साचे आहेत. ब्रिटनमधले बरेच अभ्यासक्रम एका वर्षाचे, वर्गावर भर देणारे आणि शेवटी छोटा प्रबंध असलेले. युरोपात इतरत्र बहुतेक ठिकाणी दोन वर्षं आणि १२० क्रेडिट, त्यात दुसऱ्या वर्षाचा मोठा भाग प्रबंधाला. नेदरलँड्समधलं वाखेनिंगेन विद्यापीठ याचं ठळक उदाहरण, तिथे प्रबंधाबरोबर बाहेरच्या संस्थेतलं प्रत्यक्ष कामही बहुधा असतं. उत्तर अमेरिकेत प्रबंधाच्या वाटेनं जाणाऱ्याला प्राध्यापकाच्या संशोधन निधीतून सहायकपद मिळू शकतं. शिकवणी शुल्क माफ होतं, महिन्याला मानधन मिळतं, पण काम त्या निधीच्या प्रकल्पावर करावं लागतं. म्हणून तिथे विद्यापीठाआधी मार्गदर्शक निवडायचा असतो आणि अर्ज करण्यापूर्वी त्याला पत्र लिहायचं असतं. पुष्कळ मुलं हे उलटं करतात.

तिला तिन्ही साच्यांतून एकेक प्रस्ताव आला. एक वर्षाचा अन्नसुरक्षा अभ्यासक्रम, सगळा खर्च स्वतःचा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, अर्धी शिष्यवृत्ती आणि भुईमुगावर काम करण्याची शक्यता. आणि तिसरा, एका अन्नशास्त्र विभागात सहायकपद, पूर्ण शुल्कमाफी, पण प्रकल्प दूध पावडरीतल्या साल्मोनेला जिवाणूवर.

पहिला आम्ही लवकर बाजूला केला. ज्याला प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात लगेच नोकरी हवी आहे, त्याला तो योग्य. तिला प्रश्नाशी झगडायचं होतं आणि एका वर्षात ते होत नाही. खरा पेच दुसऱ्या आणि तिसऱ्यात होता. मन भुईमुगाकडे, हिशेब दुधाच्या पावडरीकडे. घरच्यांना कर्ज नको होतं आणि त्यात गैर काहीच नव्हतं.

तिनं दोन्ही मार्गदर्शकांना पत्रं लिहिली. भुईमुगाच्या मार्गदर्शकांचं उत्तर सविस्तर होतं, पण त्यांचा भर विष ओळखण्याच्या नव्या रसायनपद्धतीवर होता. नमुना घेण्याचा भाग ठरलेला, त्यात बदल नको होता. दूध पावडरीच्या मार्गदर्शकांनी तिच्या पत्रातल्या पोत्याच्या गोष्टीवरच दोन परिच्छेद लिहिले होते. कोरड्या पावडरीत साल्मोनेला वाढत नाही, पण तग धरतो. तोही सगळीकडे नसतो, एखाद्या गुठळीत दबा धरून असतो. म्हणूनच लहान बाळांच्या दूध पावडरीसाठी कोडेक्सच्या निकषात २५ ग्रॅमचे ६० नमुने घ्यायचे असतात आणि एकातही तो सापडता कामा नये. साठ म्हणजे दीड किलो. टनावारी पावडरीबद्दल दीड किलो काय सांगतं आणि काय सांगत नाही, हाच त्यांच्या प्रकल्पाचा गाभा होता.

ते पत्र वाचून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, हे माझंच पोतं आहे."

भुईमूग सुटला आणि प्रश्न मात्र हातात राहिला. तिनं तिसरा प्रस्ताव घेतला. पिकाचं नाव सोडून देणं कृषी पदवीधराला सोपं नसतं. चार वर्षं आपण पिकाच्या नावानंच विचार करायला शिकतो. माझी स्वतःची ओढही भुईमुगाकडेच होती, आणि ती मी तिच्यावर लादली नाही याचं मला आज समाधान आहे.

तिथे पोचल्यावर

प्रवेश मिळाला तो अटीसह. कृषी पदवीत तिनं सेंद्रिय रसायन जेमतेम एका सत्रात शिकलं होतं आणि कलनगणित नावापुरतं. अन्नशास्त्राच्या विभागानं हे दोन्ही आणि अन्न सूक्ष्मजीवशास्त्राचा पायाभूत विषय पहिल्या वर्षात पूर्ण करायला सांगितलं. या विषयांची क्रेडिट पदवीत धरली जात नाहीत, पण गुण मात्र धरले जातात, आणि सहायकपद टिकवायला सरासरी ४ पैकी ३ राखावी लागत होती. कृषीतून अन्नशास्त्रात जाणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं. तिनं विचारलं होतं, तरीही पहिलं सत्र तिला फार जड गेलं. संख्याशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत ती मागे पडली. घंटावक्रावर वाढलेल्या मुलीला आता अशी वितरणं शिकायची होती, ज्यांत बहुतेक नमुने शून्य असतात आणि थोडे फार मोठे. ऋण द्विपदी वितरण नावाचं प्रकरण तिनं तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी मला निरोप आला की मुठीचे दोन्ही आकडे आता एकाच वक्रावर बसवता येतात.

शेताची मात्र तिला आठवण येते. पावडरीच्या कारखान्यात पांढरे कपडे, डोक्यावर जाळी, हवा गाळणारी यंत्रं. मातीचा वास नाही, हंगाम नाही. हे तिनं निवडलेल्या वाटेचं मोल आहे आणि ते ती लपवत नाही.

दुसऱ्या सत्राच्या शेवटी प्रबंधासाठी समिती ठरवायची वेळ आली. मार्गदर्शक एक, विभागातला एक आणि तिसरा सदस्य बाहेरचा असू शकतो. बहुतेक मुलं तिथे ओळखीचा, सौम्य स्वभावाचा प्राध्यापक घेतात. तिनं संख्याशास्त्र विभागातला सदस्य मागितला, तो मिळाला. मग परवानगी काढून चौथाही सदस्य जोडला, कृषिविद्येचा. कशासाठी, असं मी विचारलं. प्रबंधात एक छोटं प्रकरण ती तुलनेसाठी राखून ठेवणार आहे, नमुना घेण्याची तीच पद्धत भुईमुगाच्या ढिगावर लावून पाहायचं. ढीग कुठून आला, शेवटच्या सहा आठवड्यांत त्याला पाणी मिळालं होतं का, हे विचारणारं कुणीतरी समितीत हवं, असं तिचं म्हणणं. मार्गदर्शकांनी मान्य केलं आहे. ढीग अजून मिळायचा आहे.